रामचंद्र कोळी यांचा खुंट

शेवटी माझ्या बापाने ओ दिली. खाडीच्या आतून, खणखणीत, आणि अख्खं गाव बांधावर उभं राहून ऐकत होतं.

तर असं काही झालेलं नाही. तसा गावकीचा ठराव आहे. सूचक देवजी पाटील, अनुमोदक कमळाकर, आणि मी हात वर केला कारण सगळ्यांनीच केला होता. तेव्हा वरची ओळ मी लिहिली नाही, तुम्ही वाचली नाही, आणि आपण मटारापासून सुरुवात करू.

आमचं काटेपाडा नव्या विमानतळाजवळच्या उलव्याच्या खालच्या अंगाला, खाडीला चिकटून आहे. खाडी, मग मातीचा बांध, बांधाच्या आत आमची घरं, आणि घरांच्या पाठीला पाठ लावून एक भलंमोठं कोल्ड स्टोअरेज. एपीएमसीतल्या व्यापाऱ्यांचा मटार आणि सफरचंदं तिथे थंड पडून असतात. बांध आमच्या पणजोबांच्या पिढीने घातला. तेव्हा उधाणाची भरती बांधाच्या गुडघ्याला लागायची म्हणे. आता खांद्याला लागते, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी तिने बांधावरून आत वाकून बघितलं. बांध एका जागी फुटला. पाणी आमच्या घरांतून सरळ कोल्ड स्टोअरेजच्या मशीनरूममध्ये गेलं, मशीन बंद पडली, आणि ओहोटीबरोबर मटाराच्या पिशव्या तरंगत गावात आल्या. त्या महिन्यात बोंबलाच्या कालवणात मटार होता, सुकटीत मटार होता. एका घरी तर वर्षश्राद्धाच्या पानात मटार वाढला होता. हवामानबदल आमच्या गावात असा आला, हिरवा आणि गोल.

त्यामुळे एक चांगलं झालं. इतकी वर्षं कंपनी आम्हाला 'अतिक्रमण' म्हणायची आणि आम्ही कंपनीला 'फ्रीज'. आता दोघांना कळलं की आपला बांध एकच आहे.

कंपनीतर्फे हेतल मॅडम आल्या. 'पर्यावरण व समाज' या विभागाच्या त्या प्रमुख, आणि त्या विभागात त्या एकट्याच. बाई मनाने चांगली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लक्षात राहणार नाही. गेल्या वर्षी त्यांनी बांधासमोरच्या चिखलात तिवराची रोपं लावली. मुळं माती धरतात, लाट अडवतात, हे सगळ्यांना पटलेलं होतं. अंधेरीच्या ऑफिसातून बस भरून माणसं आली, पांढरे टीशर्ट घालून. प्रत्येकाने एक रोप लावलं, रोपाला आपल्या नावाची पाटी बांधली, फोटो काढला. पहिल्या उधाणाला सगळी रोपं पाट्यांसकट वाहून गेली. पुढे कितीतरी दिवस त्या पाट्या आमच्या जाळ्यांत सापडत होत्या. देवजी पाटलांच्या, म्हणजे आमच्या देवजीआजाच्या, जाळ्यात तर एकदा बोंबलांबरोबर 'सीनियर मॅनेजर, फायनान्स' आला. त्याने तो परत सोडला.

म्हणून यंदा गाव आणि कंपनी मिळून करायचं ठरलं. कंपनीने मशीनरूम उंच केली, रोपं दिली, बांबू दिले. गावाने घरटी एक माणूस बांधाला दिला. ही आमची जुनी रीत आहे, बांध दुरुस्त करायचा तर प्रत्येक घराने एक जण पाठवायचा, मग तो बँकेत असो की लग्नात. मला कंपनीने 'समन्वयक' केलं. म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या एकत्र करून दोन्हीकडे पोचवायच्या.

रोप टिकावं म्हणून बायांनी सांगितलं की शेजारी एकेक खुंट ठोका आणि जुन्या जाळ्याच्या पट्टीने रोप त्याला बांधा. कोणालाच ते वेगळं वाटलं नाही. आम्ही खुंटांना बांधून डोल जाळी लावणारी माणसं, खाडीत खुंट ठोकणं हा आमचा धंदाच. एका सकाळच्या ओहोटीत शेकडो खुंट उभे राहिले, एकही रोप हललं नाही. हेतल मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "प्रणय, यंदा पाट्यांवर गावाचीच नावं टाकू. ओनरशिप वाटली पाहिजे ना!" रोप लहान, पाटी मोठी, म्हणून दोन दिवसांनी अख्ख्या गावाच्या नावाच्या पाट्या खुंटांना बांधल्या. मग प्रत्येकाने आपापल्या खुंटावर हात ठेवून मोठ्याने आपलं नाव घ्यायचं, अशी शपथ होती. पहिल्यांदा माइक बंद होता. दुसऱ्यांदा ड्रोनचा आवाज आला. तिसऱ्यांदा नीट झालं.

आता एक गोष्ट सांगतो. ती त्या सकाळी आम्हा सगळ्यांना माहीत होती आणि एकालाही आठवली नाही.

आमच्याकडे माणूस खाडीत गेला आणि सापडला नाही, तर घरचे ओहोटीला चिखलात उतरतात. एक खुंट ठोकतात. पूर्वी त्यावर त्याचा सदरा बांधायचे, गावात शाळा आल्यापासून नाव बांधतात. मग त्याला तीनदा हाक मारायची. ओ आली नाही, की तो गेला. पुढे कावळा, तेरावं, सगळं रीतसर. बिननावाच्या खुंटाला मासे लागतात, नावाच्या खुंटाला माणूस, असं देवजीआजाच आम्हाला लहानपणी सांगायचा. आणि त्या दिवशी तो सगळ्यात पुढे, गुडघाभर चिखलात, आपल्या नावाच्या खुंटावर हात ठेवून, ड्रोनकडे बघत हसत होता.

तर गावाने स्वतःला तीनदा हाक मारली. ओ कोणी दिली नाही. स्वतःच्या हाकेला कोण ओ देतं?

गावातले दोघंच तिथे नव्हते. एक आई. ती मासळीची टोपली घेऊन उलव्याच्या सेक्टरमध्ये विकायला गेली होती. आदल्या दिवशी मी घरोघर नावं विचारत फिरलो, तसं तिलाही विचारलं होतं.

"घरात माणसं किती?"

"तीन," ती म्हणाली.

मी तीन पाट्या करून आणल्या. तिने तिची आणि बाबांची पाटी उचलून देव्हाऱ्यामागे ठेवली आणि म्हणाली, "तुजी तू लाव. मना टाइम नाय. मासली तुजी मॅडम विकनार हाय का?"

दुसरे नव्हते ते बाबा.

बाबांचं नाव रामचंद्र. ते गेले त्या वर्षी वादळ यायचं होतं, सगळ्यांनी होड्या वर ओढल्या होत्या. एक होडी सुटली, आमची नव्हे, शेजाऱ्यांची. बाबा उठले, आईला म्हणाले, "चाय ठेव, आलोच," आणि गेले. होडी परत आली. होडीला विचारायची काही सोय नाही. सात वर्षं झाली की कायदासुद्धा माणसाला मेलेला धरायला तयार होतो, आणि ती यंदा होत होती. पण आईने खुंट घातला नाही. देवजीआजा दर वर्षी ओट्यावर येऊन बसायचा, सांगायचा, "गोजराबाय, हाक तरी मारून बग." आई सुपातले तांदूळ पाखडत म्हणायची, "आनि ओ नाय आली मंग?" याचं उत्तर गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कोणी देत नव्हतं.

शपथेच्या दुसऱ्या दिवशी कमळाकर कामावर गेला. कमळाकर माझा चुलतभाऊ, कोल्ड स्टोअरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. हजेरीच्या मशीनवर त्याने अंगठा ठेवला तर मशीनने नाकारला. बघतो तर अंगठा दिवसभर पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. पुसला, पँटला घासला, हँडड्रायरखाली धरला. तसाच. मागे रांगेत गावातली बाकीची पोरं, सगळ्यांचे अंगठे तसेच.

"अंगठा लागेपर्यंत गैरहजर," एचआरवाला म्हणाला.

"अहो, पण मी समोर उभा हाय ना!"

"सिस्टिममध्ये नाही."

दुपारी कमळाकरने डबा उघडला आणि कावळे आले. आता आमच्याकडे कावळा शिवायला फार आढेवेढे घेतो. गेलेल्याचं काहीतरी राहून गेलेलं असतं, मग घरची माणसं हात जोडून उन्हात वचनं देत बसतात, पोरीचं लग्न करू, भावाशी बोलू. कमळाकरच्या डब्याला मात्र कावळा काहीएक न विचारता शिवला. मग दुसरा. त्याने मला फोन केला. घाबरला होताच, पण दुखावलाही होता.

"प्रणय, माजी काय एक पन इच्छा र्‍हायली नाय काय रे?"

मी म्हटलं तू फार समाधानी माणूस आहेस. तो फोन ठेवून बराच वेळ रडला, असं नंतर वहिनी म्हणाली.

माझं म्हणाल तर माझ्या चपला. रोज सकाळी दाराशी काढलेल्या चपला ओल्या, आत खाडीचा काळा चिखल, आणि उंबऱ्यापासून खाटेपर्यंत मिठाची पांढरी रेघ. मी पुसायचो. समन्वयकाला घाबरायची मुभा नसते. गावातली कुत्री आमच्यावर भुंकेनाशी झाली. आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की ती आमच्याकडे बघतही नाहीत. फक्त आई आली की शेपटी हलवतात.

आणि संध्याकाळी भरती चढू लागली की खाडीतून नावं यायची. लावणीच्या ओळीने, एकामागून एक, ज्याच्या त्याच्या आवाजात. आपला आवाज बाहेरून ऐकला की आपल्याला ओळखू येत नाही, त्यामुळे आधी प्रत्येकाला वाटलं, कोणीतरी आपली नक्कल करतंय आणि त्याला ती नीट जमत नाहीये. मी माझा आवाज ऐकला. "प्रणय रामचंद्र कोळी." शपथ घेताना मला तो आवाज जबाबदार वाटला होता. पाण्यातून तो, कोणी घ्यायला येईल म्हणून थांबलेल्या माणसासारखा वाटत होता.

हेतल मॅडमचा फोन आला. त्या उलव्यात एका टॉवरच्या बाराव्या मजल्यावर राहतात.

"प्रणय, माझ्या फ्लॅटमध्ये ओले पाय उमटतात रे. लिफ्टपासून बाल्कनीपर्यंत. प्लंबर बोलतो, लीकेज नाही."

"पाय कोणाचे?"

फोनवर चप्पल काढल्याचा आवाज आला. "माझ्याच मापाचे आहेत," म्हणाल्या. "आणि ऐक, तो व्हिडिओ बघितला का तू? झाडं दिसतात, खुंट दिसतात, आवाज पण सगळ्यांचे आहेत. माणसं नाहीत त्यात. एक पण नाही. हेड ऑफिसला खूप आवडला. बोलले, किती साधा आणि क्लासी केलाय."

मॅडमनीही आपल्या नावाची पाटी एका खुंटाला बांधली होती ना.

तेव्हा कुठे देवजीआजाला आठवलं. तो गावदेवीच्या पायरीवर बसला होता, एकदम उठून उभा राहिला आणि पहिल्यांदा त्याने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. मग जो जवळ दिसेल त्याच्या. मी जवळ होतो.

आम्ही ओहोटीला धावत गेलो. रोपं तरारली होती. इतक्या वर्षांत त्या चिखलात कधी असं झालं नव्हतं, एकेका रोपाला नवी पानं, खाली मुळांनी गाळ धरलेला, बांधाच्या पायथ्याशी मातीचा थर चढलेला. बघून आनंद व्हावा असं दृश्य, आणि आम्ही सगळे तिथे तोंडं पाडून उभे. ज्याने त्याने आपला खुंट ओढून बघितला. ज्याचा त्याला हलेना. दुसऱ्याचाही हलेना. हेतल मॅडमनी कळंबोलीहून क्रेन मागवली. ती बांधापाशी आली. आता ती बांधावर चढली तर बांध बसणार, आणि बांध वाचवण्यासाठीच तर हे सगळं चाललेलं, म्हणून ती वळून गेली. जाताना ड्रायव्हरने विचारलं, "इधर कोई दिखता नहीं, किसने बुलाया?" मी त्याच्या समोर उभा होतो.

मग देवजीआजाने सांगितलं. खुंट मोकळा करायचा तर गावातल्याच माणसाने चिखलात उतरून प्रत्येकाला नावाने हाक मारायची, त्याने ओ द्यायची, आणि पाटी काढून घ्यायची. नाव गेलं की उरला नुसता बांबू, तो रोपाला धरून राहील. पण हाक मारणारा जिवंत पाहिजे. म्हणजे ज्याच्या नावाचा खुंट नाही असा. आणि अमावस्येच्या उधाणाआधी हे झालं पाहिजे, कारण उधाणात ज्याची पाटी बुडेल तो कायमचा गेला.

"आनि अजून एक हाय," तो म्हणाला. "खाडी रिकाम्या हातानं सोडत नाय. एक नाव ठेवाला लागंल."

सगळ्यांनी मनातल्या मनात मोजलं. गावात नाव न बांधलेली माणसं दोनच. एक हाक मारायला लागणार. म्हणजे ठेवायला उरला एक.

आम्ही घरी गेलो तेव्हा आई ओट्यावर जवळा निवडत होती. एवढा जमाव बघूनही तिने मान वर केली नाही. देवजीआजाने जमेल तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग सूप खाली ठेवलं.

"म्हंजी तुमी सगल्यांनी जित्तेपनी मरून दाखवला. ड्रोन लावून. आनि आता निस्तराला माजा घोव पायजे."

"गोजराबाय, तसा नाय..."

"कसा मंग? पाटील, तुमी बोला. तुमीच पोरांना शिकवता ना, नावाचा खुंट, बिननावाचा खुंट? तवा कुठं गेलती अक्कल, टीशर्टात?"

देवजीआजाने खरंच टीशर्ट घातला होता. त्याने छातीवरच्या कंपनीच्या नावावर हात ठेवला, जणू झाकलं की दिसणार नाही.

"मावशी, सॉरी," हेतल मॅडम मागून म्हणाल्या. "माझी चूक आहे."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मॅडमच्या पायांतून पाणी ओघळून ओट्याखाली जात होतं. "तुजी नाय ग," ती म्हणाली. "तुला कोनी सांगितलाच नाय. ह्यांना ठाव होता."

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता माझी पाळी. तिने माझा हात हातात घेऊन अंगठा बघितला, उलटा करून, सुलटा करून, मासा ताजा आहे का बघतात तसा. 

"थंड हायस," ती म्हणाली, आणि आत जाऊन देव्हाऱ्यामागून पाटी घेऊन आली.

दुपारची ओहोटी होती. ऊन होतं. गाव बांधावर ओळीने उभं राहिलं. आई लुगडं खोचून चिखलात उतरली. आधी तिने एक बांबूचा खुंट ठोकला, सगळ्यात पुढे, जिथे ओहोटीचं पाणी थांबलं होतं. बाबांची पाटी त्याला बांधली, तिकडे पाठ केली आणि कामाला लागली.

"कमळाकर! माजा मोठा टोप नेलास लग्नात, तो कवा देनार?"

"ओ! देतो काकी, उद्याच देतो!"

"उद्या म्हनून चार पावसाळं गेलं. निघ." तिने त्याची पाटी सोडवली. बांधावर कमळाकरने स्वतःचा अंगठा बघितला, सुरकुत्या गेल्या होत्या, आणि त्याने तो शेजाऱ्याला दाखवला.

"देवजी पाटील!"

"ओ!"

"माज्या ओट्यावर पुन्ना सल्ला द्याला येऊ नका."

"नाय येत बाय."

अशी ती एकेकाला हाक मारत गेली. कोणाला उधारीवरून, कोणाला सुनेला छळते म्हणून, कोणाला उगाच. गावाची इतकी वर्षांची भांडणं त्या दुपारी मिटली, कारण ओ द्यायची तर कबूल करणं भाग होतं. "हेतल! आडनाव काय ग तुजा?" "शाह, मावशी!" "आडनाव नाय, ओ बोल." "ओ!" मॅडमनी पायांकडे बघितलं. कोरडे. त्यांनी बांधावर ऊन लागलेल्या दगडावर दोन्ही पाय टेकवले आणि उचलेनातच.

माझं नाव शेवटी आलं. तिने टोमणा मारला नाही. "प्रणय," एवढंच, जेवायला बोलावतात तसं. मी ओ दिली. तेवढ्यात बांधाखालच्या कुत्र्याने माझ्याकडे बघितलं आणि जोरात भुंकलं. मला जगात कोणी इतक्या प्रेमाने बोललेलं आठवत नाही.

मग उरला पुढचा खुंट. भरती लागली होती, पाणी तिच्या घोट्यांना लागत होतं. आई त्या खुंटासमोर उभी राहिली, पदर नीट केला.

"अहो!" तिने हाक मारली.

आम्ही थांबलो. देवजीआजा खाली मान घालून म्हणाला, "नाव घेवाला पायजे, बाय. अहो त सगल्यांचाच असतो."

लग्नातल्या उखाण्यानंतर आईने बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. मला तर माहीतच नव्हतं की ते नाव तिच्या आवाजात कसं लागतं.

"रामचंद्र!"

पाणी. लांबवर विमानतळाच्या बाजूला कसलीतरी मशीन चालू होती, तीही थांबली.

"रामचंद्र!"

पाणी गुडघ्याला आलं. ती तिसरी हाक मारेना. मारली आणि ओ आली नाही, तर संपलं. मारली नाही, तर खुंट पुरा होत नाही, आणि मागे आम्ही सगळे. ती मागे वळून आमच्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने बघितलं नाही.

"रामचंद्रा, ए!" ती ओरडली. रागाने. चहा उतू चाललाय अशा आवाजात.

आणि ओ आली.

म्हणजे आली नाही. वारा होता. देवजीआजा वारा म्हणतो, कमळाकर पोकळ बांबू म्हणतो. मी त्या वाऱ्याचा आवाज ओळखतो. तो वारा मला सायकल शिकवायला मागून धावला होता.

गावाला घाम फुटला, कारण रीत सरळ आहे. ओ आली तर माणूस जिवंत, आणि जिवंत माणसाचा खुंट उपटायचा. उपटला तर खाडी रिकाम्या हाती, आणि मग आम्ही. आईचा हात खुंटावर होता. तिने जोर लावला असता तर तो निघाला असता, नुकताच तर ठोकला होता. ती तशीच उभी राहिली, पाणी मांडीला आलं तरी.

"आता बोलता?" ती खाडीकडे बघून म्हणाली. आवाज इतका साधा होता की बांधावर सगळ्यांना ऐकू आला. "आता येवू नका. तिथंच र्‍हावा. बांध धरा. पोरं आत हायत."

मग तिने पाटीची गाठ एकदा तपासली, घट्ट केली, आणि परत आली. चिखल धुवायला तिने माझ्याकडून पाणी मागितलं. घरी गेल्यावर दोन कप चहा ठेवला. एक माझा असेल असं वाटून मी हात पुढे केला, तर तिने माझ्या हातावर चापट मारली आणि तिसरा कप काढला.

अमावस्येचं उधाण आलं, पावसाला घेऊन. भरती बांधाच्या खांद्यापर्यंत चढली आणि थांबली. गावातल्या घरांत पाणी शिरलं नाही. कोल्ड स्टोअरेजची मशीन रात्रभर गुरगुरत राहिली, आणि त्या आवाजाला शिव्या देणारी माणसं पहिल्यांदाच ऐकत पडून राहिली. कंपनीच्या अहवालात आता 'स्थानिक समाज व उद्योग यांच्या सहकार्याचा यशस्वी नमुना' असं छापून आलंय. फोटोत आम्ही दिसतो. कमळाकरचा अंगठा लागतो, आणि मागच्या आठवड्यात त्याच्या डब्याकडे कावळा नुसता बघत बसला, शिवला नाही. कमळाकरने सगळ्यांना पेढे वाटले.

मग गावकीची मीटिंग झाली आणि ओ आली नव्हती असा ठराव झाला. त्याचं कारण कोणी बोललं नाही, पण सोपं आहे. आली असेल, तर आम्ही सगळे एका जिवंत माणसाच्या खुंटावर सुखाने झोपतोय. आई मीटिंगला नव्हती. तिने बांगड्या फोडल्या नाहीत, नव्याही भरल्या नाहीत. संध्याकाळी भरतीच्या वेळी ती बांधावर जाऊन बसते. हाक मारत नाही. गावातली भांडणं, कोणाच्या घरी काय शिजलं, माझं लग्न कसं जमत नाही, हे मोठ्याने सांगते आणि उठून येते.

हे सगळं असंच चाललं असतं. पण परवा रोपं किती जगली ते बघायला पाहणी पथक आलं. ओहोटीला आले, गमबूट घालून, बांधावरूनच मोजलं आणि गेले. अहवाल काल मिळाला. जिवंत रोपांचा आकडा इतका चांगला आहे की तो कोणाला खरा वाटत नाही. 'मृत' या रकान्यात एकच नोंद आहे: पुढच्या ओळीतला एकटा खुंट, शेजारी रोप नाही, पाटीवर नाव रामचंद्र कोळी.

आईने ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. ती जवळा निवडत राहिली. म्हणून हा अर्ज. तो हेतल मॅडमनी कंपनीच्या कागदावर छापून दिला आणि शिक्काही मारला, काय लिहिलंय ते दोनदा वाचून.

प्रति,
माननीय पाहणी अधिकारी,

विषय: मौजे काटेपाडा येथील कांदळवन पाहणीतील नोंद दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

आपल्या अहवालात श्री. रामचंद्र कोळी, राहणार काटेपाडा बांध, खाडीच्या बाजूस, यांची नोंद 'मृत' अशी झालेली आहे. सदर खुंटाशेजारी रोप नाही हे खरे आहे. तथापि सदर इसम प्रत्येक भरतीस कामावर हजर असतात व बांध धरून असतात. ते हाकेला ओ देत नाहीत असा गावकीचा ठराव सोबत जोडला आहे, तो कृपया वाचू नये. तरी त्यांचे नाव 'जिवंत' या रकान्यात घेण्यात यावे. पुढील पाहणी उधाणाच्या भरतीस ठेवून अधिकाऱ्यांनी स्वतः पाण्यात उभे राहून त्यांना तीनदा नावाने हाक मारावी व खात्री करून घ्यावी. आणि बांध धरण्याच्या कामी त्यांच्या जागी आपल्या कार्यालयातील एखादा कर्मचारी तात्पुरता नेमून त्यांना एक संध्याकाळ, चहापुरते, घरी सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.